राजाचा कागद आणि माझी मान

माणसाच्या सर्व दुःखांचे मूळ त्याच्या डोक्यात असते, असे गंभीर चेहऱ्याने सांगणारी माणसे मला पुष्कळ भेटली आणि बराच काळ मीही त्यांच्या बाजूचा होतो. माझ्या दुःखाचे मूळ मानेत निघाले. डाव्या बाजूला, कवटीच्या कडेखाली दोन बोटांवर.

ही हकिगत चेन्नईची, दोन हजार साल उलटल्यानंतरच्या वर्षांतली. मी साताऱ्याकडचा. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळत होतो. बायको तिथलीच, तंजावरकडच्या मराठी कुटुंबातली. तिचे पूर्वज कधीतरी राजाबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत जायचे राहून गेले. त्यांची मराठी पोथीतून उठून आल्यासारखी, तिला तमिळ हेल, आणि मधूनमधून तमिळ शब्द इतके सहज की ते वेगळे काढून दाखवले तर घरातल्यांनाच नवल वाटे. माझी मराठी त्यांना वर्तमानपत्री वाटायची. ते बोलून दाखवत नसत, पण मी बोलू लागलो की सासरे बातम्या ऐकणाऱ्या माणसासारखे कान पुढे करत.

मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा कॉफी संपली आणि विषयही संपले. शांतता असह्य झाली म्हणून मी सांगून टाकले की मला मोडी वाचता येते. कॉलेजात असताना शेजारच्या एका निवृत्त दस्तलेखकाने उन्हाळ्याच्या सुटीत शिकवली होती. सासऱ्यांनी आणखी कॉफी मागवली. लग्न झाले, वर्षे गेली, आमच्या मुलीला शाळेत घातले. मग एका शनिवारी त्यांनी देवघरातून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "जावई, आतां हें तुमचें काम."

गठ्ठ्यात चाळीसेक मोडी कागद होते. सर्वांत खाली, वेगळ्या रेशमी तुकड्यात, मोहर असलेला एक कागद. घरात त्याला राजाचा कागद म्हणत. राजाने आपली बाग घराण्याच्या मूळ पुरुषाच्या हवाली केली, त्याचे हे पत्र, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. पुरावा असा की सासऱ्यांच्या आजोबांनी तो एका शाळामास्तरांना दाखवला होता आणि मास्तरांनी पहिली ओळ पाहून "हे सरकारी बागेविषयी आहे" एवढे सांगितले होते. त्या एका वाक्यावर कुटुंबाने शंभर वर्षे काढली. लग्नकार्यात व्याह्यांशी ओळख करून देताना बागेचा उल्लेख हटकून व्हायचा. बाग नेमकी कुठे होती हे कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे ती दर लग्नात थोडी वाढत असे.

सासऱ्यांना एक्क्याऐंशीवे वर्ष लागणार होते. आपल्याकडे ज्याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात त्याला तिथे शताभिषेक म्हणतात, आणि तो लग्नासारखा थाटात करतात. त्या दिवशी सर्व आप्तांसमोर राजाचा कागद वाचला जावा, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. त्याआधी बाकीचे कागद क्रमाने वाचून बाळबोधीत उतरवायचे. क्रम मोडायचा नाही. राजाचा कागद शेवटी.

वाचायचे कसे, याचेही नियम होते. आंघोळ करून, जमिनीवर पाटावर बसून, पुढे दिवाणजीचे जे उतरते बैठे मेज असते त्यावर कागद ठेवून. राजाची मोहर असलेल्या घरातला कागद खुर्चीत बसून वाचणे म्हणजे राजासमोर खुर्चीत बसणे, असे सासऱ्यांचे मत. राजा जाऊन दीडशे वर्षे झाली होती, हा मुद्दा मी मांडला नाही. दर शनिवारी-रविवारी तीन-तीन तास मी मेजावर ओणवा होत असे. अक्षर उडते, शाई फिकट, कागद कुरतडलेला. नाक जवळजवळ कागदाला लागायचे, तेही डाव्या बाजूने, कारण उजेड उजवीकडच्या खिडकीतून यायचा आणि सरळ वाकलो की माझ्याच डोक्याची सावली पडायची.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात डोके दुखू लागले. मानेच्या मुळापासून निघून डाव्या कानावरून वळसा घालत ते डाव्या डोळ्याच्या वर येऊन बसायचे. रविवारी संध्याकाळी सुरू होई आणि मंगळवारी ओसरे. सोमवारी गिंडीला जाताना लोकलच्या खिडकीतले ऊनही सहन होत नसे. मी कारखान्यातल्या संगणकाला दोष दिला. मग चष्म्याला. चष्मेवाल्याने नवा नंबर दिला, त्याने अक्षरे स्पष्ट झाली आणि डोकेदुखीही स्पष्ट झाली. एकाने सायनस सांगितले. एका मोठ्या डॉक्टरांकडे दीड तास बसलो. त्यांच्या भिंतीवरची प्रमाणपत्रे तेवढ्या वेळात पाठ झाली. त्यांनी तपासून डोक्यात गंभीर काही नाही असे सांगितले. हे वाक्य समाधान मानावे की अपमान, हे मला ठरवता आले नाही.

घरात मात्र निदान आधीच झाले होते. बायको एका सोमवारी मला चहा देत शांतपणे म्हणाली, "तुमचं डोकं फक्त माझ्या माहेरी दुखतं. साताऱ्याला गेलो होतो, पंधरा दिवसांत एकदा दुखलं नाही."

"तो योगायोग असेल."

"अप्पांना नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. डोक्याला मधे घालू नका."

यावर मला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि तीच गोष्ट मला खटकली. कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तिसऱ्याच आठवड्यात, सासरे जेवायला आत गेले असताना, मी क्रम मोडला होता. रेशमी तुकडा उलगडून राजाच्या कागदावर नजर टाकली होती. पहिल्या ओळीत बाग होती. दुसऱ्या ओळीत गाय होती. गोदान असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि तुकडा गुंडाळून ठेवला. पण राजा बाग आणि गाय एकदम देतो तेव्हा ज्या तोऱ्यात लिहिले जाते, तो तोरा त्या दोन ओळींत नव्हता. त्यानंतर डोके दुखू लागले आणि वाचन महिनाभर लांबले. मला दुखत होते हे खरे. ते सोयीचे होते, हेही खरे. आपण आजारी आहोत की भित्रे, हे स्वतःलाच सांगता येत नसले की फार अवघड होते.

मोठ्या डॉक्टरांनी जाता जाता फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितले होते. सासऱ्यांना कळले तेव्हा ते म्हणाले की मालिश करवून घ्यायची तर घरी तेल आहे. माझेही मत फारसे वेगळे नव्हते. डोके दुखते म्हणून मान चोळायची, हे मला पंखा बिघडला म्हणून बटण पुसण्यासारखे वाटत होते. गेलो ते बायकोला दाखवण्यापुरते.

नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, फिजिओथेरपिस्टचे दोन खोल्यांचे क्लिनिक होते. ती तिशीची तमिळ मुलगी, केसांत मोगरा, हातात घड्याळ, बोलणे निम्मे तमिळ निम्मे इंग्रजी. कोपऱ्यात मान ताणायचे यंत्र होते, शेकायचा दिवा होता, आणि मी वाट पाहत होतो की आता ही मला त्यातल्या कशालातरी जोडेल. तिने जोडले नाही. उलट अर्धा तास प्रश्न विचारले. कधी पडलात का, अपघात झाला का, एकाचे दोन दिसतात का, हातात मुंग्या येतात का, ताप, उलटी, अचानक कधी नव्हे असे दुखले का. यातले काही असते तर मी हात लावला नसता, परत डॉक्टरकडे पाठवले असते, असे म्हणाली. मला हा प्रामाणिकपणा जरा जास्तच वाटला. ज्याला विकायचे आहे तो गिऱ्हाइकाला आधी परत जायची वाट का दाखवील?

मग तिने मला उताणे झोपवले, दोन्ही हातांची बोटे कवटीच्या कडेखाली घातली आणि डाव्या बाजूला एका जागी दाब दिला. दाब मानेत होता. दुखले डाव्या डोळ्यावर. तेच, तसेच, रविवारी संध्याकाळचे.

"हेच ना सार?" तिने विचारले; तिथे 'सर'चा सार होतो.

हेच होते. पण दाबले की कुठेही दुखते, असे मी उत्तर दिले. तिने वाद घातला नाही. उजव्या बाजूला तेवढाच दाब दिला. तिथे नुसता दाब लागला, डोळ्यापर्यंत काही गेले नाही. मग मान डावी-उजवीकडे वळवायला लावली. उजवीकडे हनुवटी खांद्याच्या रेषेत जात होती, डावीकडे अर्ध्या वाटेत अडत होती. माझी मान डावीकडे वळत नाही हे मला माहीतच नव्हते. त्या बाजूला इतक्या दिवसांत बघण्यासारखे काही नव्हते, एवढेच.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. मानेच्या वरच्या सांध्यांतल्या नसा आणि कपाळाच्या नसा आत एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. सांधा कुरकुर करतो, आणि निरोप पोहोचतो तो कपाळाच्या नावाने. सगळीच डोकेदुखी अशी नसते. अर्धशिशी वेगळी, तिला मी काही करीन असे सांगणार नाही. तुमची मानेची दिसते. आठवड्यातून दोनदा या, घरी व्यायाम करा, महिन्याने बघू. बरे होईल असे म्हणाली नाही. "बघू" म्हणाली. मला तिच्यावर संशय घ्यायला ती फार थोडी जागा ठेवत होती.

व्यायाम ऐकून ती जागा परत मिळाली. ताठ बसायचे आणि हनुवटी आत, मागे ओढायची. मान वाकवायची नाही, डोके नुसते मागे सरकवायचे, ड्रॉवर लोटल्यासारखे. पाच मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. खांद्याची पाती मागे जवळ आणायची. हे केले की माणसाला दोन हनुवट्या येतात आणि चेहऱ्यावर काहीतरी कुजके हुंगल्याचा भाव येतो. कारखान्यात मी हे जेवणाच्या सुटीत करू लागलो, तर माल पुरवणाऱ्या एकाने आपणहून भाव कमी केला.

याशिवाय एक वही. ज्या दिवशी डोके दुखेल त्या दिवसाच्या चौकटीत फुली, आणि त्या दिवशी काय केले त्याची एक ओळ. तीन आठवडे मी इमानाने फुल्या मारल्या. तिने वही उघडली, बोटाने फुल्यांवरून गेली आणि विचारले, "शनिवारी काय करता सार?"

वहीत मी शनिवारपुढे 'वाचन' लिहिले होते. कसे वाचता, करून दाखवा, म्हणाली. मी जमिनीवर बसलो, तिचे पायाखालचे स्टूल आडवे पाडून त्याचे मेज केले, आणि राजाचा आब राखत ओणवा झालो. डोके पुढे, मान डावीकडे मुरडलेली. मग तिने विचारले की हे किती वेळ. मी सांगितले. असे तीन तास तर मी माझ्या शत्रूलाही बसवणार नाही, असे ती तमिळमध्ये म्हणाली, बहुधा स्वतःशी.

उपाय सोपा होता. खुर्चीत बसा, कागद डोळ्यांसमोर उभा ठेवा, वीस मिनिटांनी उठा. मी तिला राजाची अडचण समजावून सांगितली. ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, शनिवारी मी येते.

आली. सासरे पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे तिथल्या धोतरात, झोपाळ्यावर बसले होते. ही बाई जावयाला मालिश सोडून आणखी काय करते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो यंत्राचा. तुमच्याकडे यंत्र नाही का? आहे तात्ता, पण यांना लागत नाही, आजोबांना सांगावे तसे तिने सांगितले. यंत्र असून वापरत नाही म्हणजे येत नसणार, असा अर्थ सासऱ्यांच्या चेहऱ्यावर उमटला. मी ओळखला, कारण पहिल्या दिवशी माझ्याही चेहऱ्यावर तोच होता.

तिने मेजाकडे पाहिले, पाटाकडे पाहिले. मग अगदी अदबीने विचारले, "तात्ता, राजाचा कागद खाली आणि हे त्याच्याकडे वरून बघणार. हे बरोबर आहे?"

सासरे झोपाळा पायाने थांबवून बसले. शंभर वर्षांत कोणी हे विचारले नव्हते. कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा खाली असतो, हे खरेच होते. मग त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून रामायणाची पोथी ठेवायची लाकडी ठवणी आणायला सांगितली. ती टेबलावर ठेवली, तिच्याखाली दोन पाट दिले. कागद माझ्या डोळ्यांच्या रेषेत आला, किंचित वरच. आता त्याच्याकडे मान वर करूनच बघावे लागत होते. खुर्चीचा प्रश्न उरला. तिने सांगितले की खुर्ची यांच्यासाठी नाही, कागदाची उंची गाठायला आहे. सासऱ्यांनी ते मान्य केले. मला वाटते, त्यांना माझी मान दिसत नव्हती असे नाही. त्यांना फक्त राजाची परवानगी हवी होती.

पुढच्या महिन्यात फुल्या कमी झाल्या. आठवड्याला तीन होत्या, त्या एकावर आल्या, मग दोन आठवड्यांत एक. मी तरीही मानायला तयार नव्हतो. एक आठवडा मुद्दाम व्यायाम सोडून पाहिला आणि डोके दुखले. पण त्याच आठवड्यात मेहुणा कुटुंबासह राहायला आला होता, त्यामुळे प्रयोग निर्णायक म्हणता येईना. तिला सांगितले तर ती म्हणाली, "संशय घ्या सार, पण हनुवटी मागे ठेवून घ्या."

डोके दुखायचे राहिले, तशी सबबही गेली. कागद भराभर उतरू लागले. त्यांत लग्नाच्या याद्या होत्या, एक पत्रिका, लोणच्याची कृती, कोंडवाड्यातून जनावर सोडवून नेल्याची एक चिठ्ठी, कोणाच्या तरी बाळंतपणाची बातमी. शताभिषेकाला दहा दिवस उरले तेव्हा रेशमी तुकडा उघडायची वेळ आली. दुपार होती. सासरे समोर झोपाळ्यावर, बायको दाराशी. मी कागद ठवणीवर लावला आणि मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. डोके दुखत असते तर बरे, असे मला त्या वर्षात पहिल्यांदाच स्पष्टपणे वाटले.

"दुखतं आहे का?" बायकोने विचारले. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता. हो म्हटले असते तर तिने विश्वास ठेवला असता.

"नाही," मी म्हणालो, आणि वाचले. मायना आणि नमस्कार गेल्यावर मजकूर असा होता: तुमची गाय सरकारी बागेत येऊन झाडे खाते. पूर्वी दोन वेळ ताकीद केली असतां गाय बांधीत नाही. याउपरी बागेत आलियास कोंडवाड्यात घातली जाईल. जाणिजे.

झोपाळ्याची कडी एकदा वाजली. सासऱ्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. त्यांनी हात पुढे करून कागद मागितला, मोहर अंगठ्याने चाचपली, ती खरी आहे का विचारले. खरी आहे, मी सांगितले. त्यात संशय घ्यायला जागा नव्हती. मी बागेचे आता काय करायचे या विचारात होतो, तेवढ्यात ते सावकाश म्हणाले, "म्हणजे राजास आमची गाय माहीत होती."

मी बायकोकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"दोन वेळ सांगितलें, तिसऱ्यांदा मोहर लावून लिहिलें," ते म्हणाले. "कोणाच्याही गाईसाठी राजा एवढें करीत नाही." मग मला म्हणाले की त्या दिवशी हेच वाचायचे. काही गाळायचे नाही.

शताभिषेकाला मांडव होता, सनईच्या जागी नादस्वर होते, सासऱ्यांना सासूबाईंच्या शेजारी पुन्हा नवरदेवासारखे बसवले होते. मी उभा राहून, मान सरळ ठेवून, कागद वाचला. तरुण पिढीला त्यातले फार कळले नाही. ती मुले तमिळमध्ये विचार करतात. 'जाणिजे' म्हटल्यावर संपले असे समजून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांतले दोघे मात्र टाळ्या न वाजवता एकमेकांकडे बघत राहिले. सासरे समाधानाने मान हलवत होते. पहिल्या पंगतीत केसांत मोगरा माळून फिजिओथेरपिस्टही जेवत होती. तिने मला खुणेने विचारले, डोके? मी खुणेने सांगितले, ठीक. मग तिला मजकूर समजावून दिला, तर तिने एकच विचारले, मग त्यांनी गाय बांधली का?

हे मला घरी कोणीच विचारले नव्हते. परत आल्यावर मी माझ्या उतरवलेल्या कागदांची वही काढली. कोंडवाड्यातून जनावर सोडवून नेल्याची ती चिठ्ठी राजाच्या कागदानंतर नऊ दिवसांची होती.